नैवेद्याआधीचं वरण

शाळेतल्या गणपतीची खिरापत मी कंपासपेटीत लपवली होती. चौथीत असेन. किसलेलं खोबरं आणि पिठीसाखर. खायची नाही हे पक्कं ठाऊक होतं. टाकायची कुठं हे मात्र घरी कुणी शिकवलं नव्हतं. दोन दिवसांनी गणिताच्या तासाला पेटी उघडली तर कोनमापकावरून मुंग्यांची रांग चाललेली. शेजारची मुलगी एवढ्या मोठ्यानं ओरडली की बाईच उठून आल्या. "बाप्पाचा प्रसाद मुंग्यांना घातला होय गं?" मी उभी राहून म्हटलं, "बाई, आम्हाला चालत नाही."

हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा म्हटलंय की 'पाणी दे' याच्या खालोखाल तेच असेल. हळदीकुंकवाची ओटी चालत नाही. सत्यनारायणाचा शिरा चालत नाही. शनिवारी मारुतीपुढं ठेवलेले फुटाणे चालत नाहीत. मैत्रिणीच्या घरी जेवायचं तर आधी विचारायचं, नैवेद्य दाखवून झालाय का? झाला असेल तर भूक नाही म्हणायचं. भूक असायची.

आम्ही महानुभाव, म्हणजे चक्रधरस्वामींच्या पंथातले. घर अमरावती जिल्ह्यातलं, रिद्धपूरपासून एसटीनं तासाभरावर. वडलांना आम्ही दादा म्हणायचो, कारण 'बाबा' हा शब्द घरात मठातल्या साधूंसाठी राखून ठेवलेला. घरात शिरणाऱ्याला 'राम राम' नाही, 'दंडवत प्रणाम'. फोन आला तेव्हा फोनवरही तेच.

शिकवण मला पाढ्यासारखी पाठ होती. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ. चारही अनादी, एकमेकांपासून वेगळे. देवता ८१ कोटी सव्वा लाख १०. बाहेरच्यांना वाटतं आम्ही देवता मानतच नाही. तसं नाही. देवता आहेत, त्यांची शक्ती आहे, फळंही देतात. फक्त मोक्ष त्यांच्या हातात नाही. तो देणारा एकच परमेश्वर, आणि त्याचे पाच अवतार: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू, चक्रधर. त्यातला दत्तसुद्धा एकमुखी. शेजाऱ्यांच्या कॅलेंडरवरचा तीन तोंडांचा दत्त पाहून मी आईला विचारलं होतं, हा आपला की त्यांचा? ती म्हणाली, त्यांचा.

इतकं कडक सगळ्याच महानुभावांकडे नसतं, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे होतं त्याला कारण होतं. माझे आजोबा प्यायचे. तीन एकर रान त्यांनी दारूत घातलं, चौथं गहाण होतं. मग कुणाच्या तरी नादानं रिद्धपूरला गेले, राजमठात बसले, उपदेश घेतला, म्हणजे गुरूकडून नाम घेऊन पंथात शिरले, आणि त्या दिवसापासून बाटली सुटली, बोकड सुटलं, नवस सुटले. गावानं पैजा लावल्या होत्या, पोळ्यापर्यंत टिकणार नाही म्हणून. ते मरेपर्यंत टिकले. दादांना दोन बाप आठवायचे, उपदेशाआधीचा आणि नंतरचा. नियमाला कुठं फट पडली की त्यातून पहिला बाप परत येईल, अशी त्यांना भीती होती. हे मी आज म्हणते. तेव्हा ते मला फक्त हट्टी वाटायचे.

आणि पंथानं आम्हाला काय दिलं तेही सांगते, नाहीतर हिशेब खोटा होईल. माझ्या वर्गातल्या मुली महिन्यातले चार दिवस पडवीत बसायच्या, ताट वेगळं, तांब्या वेगळा. आमच्या घरी हे नव्हतंच. आई रोजच्यासारखी भाकरी थापायची. चक्रधरांनी सातशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की नाकातून शेंबूड येतो, कानातून मळ येतो, तसंच तेही; धुऊन टाकलं की संपलं. दादांनी हे मला, दहावीतल्या मुलीला, स्वतः सांगितलं, खाली मान घालून का होईना. आमच्या तालुक्यात असं किती बापांनी सांगितलं असेल? अंगात येणं नाही, उतारे नाहीत, मांत्रिक नाही. मांजर आडवं गेलं तर आम्ही सरळ पुढं जायचो.

पहिला खडा पडला तो १९९८ साली, आजीच्या तेरवीला.

आईचं माहेर बुलढाणा जिल्ह्यातलं, वारकरी. आईनं उपदेश लग्नानंतर घेतला, म्हणजे तिला घ्यावा लागला. आजी गेली तेव्हा मी नववीत. तेरवीला अंगणात पंगती बसल्या: वरण, पुऱ्या, आलूवांग्याची भाजी, बुंदी. आई मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी बसलेली, पिशवीतून दशम्यांचा डबा काढून. मामा पत्रावळ घेऊन आला. धिप्पाड माणूस, डोळे सुजलेले. "ताई, एक घास. मायच्या नावाचा एक घास." आईनं पत्रावळीवर हात आडवा धरला. मामानं वाढायला वाकवलेली पळी तशीच राहिली आणि आईच्या मनगटावरून वरणाचा एक ओघळ गेला. तिनं तो पदरानं पुसला. चाटला नाही, धुतला नाही, पुसला. मग दशमी मोडून खायला लागली आणि खाता खाता रडायला लागली. कुणालाच ते नीट दिसलं नाही, कारण सगळे मामाकडे बघत होते.

परतीच्या एसटीत मी दादांना विचारलं, "आजी कुठं गेली?"

"देवताभक्त होती ते. पांडुरंगाचं केलं तिनं जन्मभर. फळ भेटन तिले, नाही असं नाही. फळ सरलं की येईन वापस फेऱ्यात."

"मोक्ष?"

"ग्यान नाही त मोक्ष कसा?"

त्यांच्या आवाजात रागलोभ काही नव्हतं. उद्या शाळा आहे म्हणावं तसं ते बोलले. आई खिडकीशी होती. तिनं मान वळवली नाही. ज्या बाईनं मला उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मांडीवर घेऊन हरिपाठ म्हटला, तिचा हिशेब दोन वाक्यांत मिटला होता. मला तेव्हा देवाची शंका आली नाही. शंका आली ती हिशेबाची.

पुढं दोन वर्षांनी मलाही उपदेश दिला. मी नाही म्हटलं नाही. असं काही म्हणता येतं हेच माहीत नव्हतं. गुरूंनी नाम दिलं, नियम सांगितले. मद्य-मांस नाही, देवतांची भक्ती नाही, नित्य स्मरण चुकवायचं नाही. निघताना एक विशेष मिळाला. पंथाबाहेरच्यांसाठी सांगते: अवतारांचे पाय जिथं लागले त्या ठिकाणचे दगड आमच्याकडे वंदनाला असतात, त्यांना विशेष म्हणतात. माझा चिंचोक्याएवढा होता, काळसर, एका बाजूनं गुळगुळीत. आईनं तो आपल्या लग्नातल्या साडीच्या तुकड्यात शिवून दिला. बारीक टाका, चारी बाजूंनी दुहेरी.

मी मनापासून करत होते. हे लिहिणं महत्त्वाचं आहे, कारण पंथ सोडलेल्या माणसाला लोक विचारतात, आधीपासूनच विश्वास नव्हता ना? होता. पहाटे उठून स्मरण करताना पोटात एक ऊब असायची. ती मला पुन्हा कशातच सापडलेली नाही.

एम.ए.ला मी पुण्यात आले, मराठी घेऊन. पहिल्याच सत्रात 'लीळाचरित्र', चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ. घरी ही पोथी रेशमी कापडात गुंडाळलेली असायची. हात-पाय धुऊन, पाटावर ठेवून उघडायची. इथं सरांनी एका लीळेच्या झेरॉक्स प्रती वाटल्या. माझ्या पुढच्या मुलानं ती दुमडून वारा घेतला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं कागद सरळ केला.

म्हाइंभटानं १२७८ च्या सुमारास हे लिहिलं, हे मला ठाऊक होतं. कसं लिहिलं, हे नव्हतं. चक्रधर गेल्यावर हा पंडित गावोगाव फिरला. ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून विचारलं, कुणाची आठवण कुणाशी जुळते ते ताडून पाहिलं आणि रिद्धपूरला वाजेश्वरीत बसून लिहिलं. आजच्या भाषेत मुलाखती घेतल्या म्हणा. पुढं खालशाच्या, म्हणजे सुलतानी फौजेच्या, धाडीत मूळ पोथी गेली आणि नंतरच्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, हे परंपराच सांगते. म्हणून पाठ वेगवेगळे. मग चौदाव्या शतकापासून ग्रंथ सांकेतिक सकळ लिपीत गेले आणि कित्येक शतकं बाहेरच्या मराठी माणसाला वाचताच आले नाहीत. सरांनी फळ्यावर एकाच लीळेचे तीन पाठ उतरवले, शब्दाखाली शब्द. तिन्हींत देव वेगळं बोलत होता. थोडंसंच, पण वेगळं. "भाविकाची इथं अडचण होते," सर म्हणाले, "आपली चंगळ."

मी वर्गात एकटीच होते जिची अडचण आणि चंगळ एकदमच झाली.

ग्रंथालयात डॉ. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली १९७८ ची जाडजूड प्रत होती. त्या आवृत्तीवर पंथातून आक्षेप आले होते आणि दादांनी ती घरात येऊ दिली नव्हती. मी ती रोज दुपारी घेऊन बसायचे. अपेक्षा होती की काहीतरी भयंकर सापडेल. सापडला एक माणूस. गुडघ्याखाली शिरलेल्या सशाला शिकाऱ्यांच्या हवाली न करणारा. बायकांच्या प्रश्नांना पंडितांइतकीच सविस्तर उत्तरं देणारा. कुणाच्या म्हातारपणाची, कुणाच्या जेवणाची चौकशी करणारा, मध्येच थट्टा करणारा. मला तो इतका आवडला की महिनाभर दुसरं काही वाचवेना. आणि त्या महिन्यात कधीतरी तो माझ्यासाठी परमेश्वर राहिला नाही. नेमका दिवस सांगता येत नाही. एवढं आठवतं की ज्या माणसानं विटाळ असा झटकून टाकला, तो माझ्या आजीबद्दल एसटीतलं ते उत्तर देईल यावर माझा विश्वास बसेना. आणि ते उत्तर तर त्याच्याच शिकवणीतून आलेलं होतं. दोन्ही खरं. दोन्ही एका हातात धरता येईना.

त्यानंतरची दोनेक वर्षं मी कुणालाच काही सांगितलं नाही. स्मरण आधी घाईत व्हायला लागलं, मग आठवड्यातून चार दिवस, मग नुसतं आंघोळीच्या वेळी. घरून फोन आला की दादा विचारायचे, "नित्यनेम चालू हाये न?" मी हो म्हणायचे. त्या काळातलं जर काही विसरायला मिळालं तर हे 'हो' विसरीन.

हॉस्टेलवर एका मैत्रिणीच्या आईनं सत्यनारायणाचा शिरा पाठवला होता. खोलीत कुणी नसताना मी तो खाल्ला. उभ्यानं, वाटीतून, चमचा न घेता. मग रात्रभर वाट पाहिली. ताप येईल, घरून वाईट बातमी येईल. काहीच झालं नाही. शिरा मात्र फार चांगला झाला होता. केळं नीट कुस्करलं होतं.

सांगितलं ते सर्वांत आधी आत्याला. दादांची धाकटी बहीण, एकोणिसाव्या वर्षी अनुसरली, म्हणजे संन्यास घेतला, तेव्हापासून आश्रमात. मला वाटलं होतं ती रडेल किंवा निरूपण करेल. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. "मलेबी झालं होतं असं. दोन वर्सं," ती म्हणाली.

"मग काय केलंस?"

"काय करतं? भिक्षेले जात राहिली."

"आणि गेलं?"

तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "कधी जाते, कधी येते. तुह्या दादाले सांगू नको हे."

मी नाही सांगितलं. आता दोघंही नाहीत म्हणून लिहिते आहे.

दादांना २००७ च्या दिवाळीत सांगितलं. नाव घ्यायचं मी थांबवलंय आणि पुन्हा सुरू करीन असं वाटत नाही, एवढंच. तयारी बरीच केली होती, पाठभेदांची टिपणं काढली होती. त्यातलं एकही लागलं नाही. त्यांनी विचारलं, "कोणाचं घेतलं मग? कोणता देव?" कुणाचाच नाही, म्हटल्यावर ते गोंधळले. देवतेकडे गेलेला माणूस त्यांना समजत होता, त्याच्याशी कसं भांडायचं हेही ठाऊक होतं. कुणाकडेच न गेलेल्या माणसासाठी त्यांच्याकडे कप्पा नव्हता. खूप वेळानं म्हणाले, "जेवायचं कसं आता तुह्या घरी?"

मला तेव्हा तो प्रश्न फालतू वाटला. नंतरची बारा वर्षं आमच्यात तोच एक प्रश्न उरला.

कुणी आम्हाला वाळीत टाकलं नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा झाला तेव्हा मी त्याबद्दल उत्सुकतेनं वाचलं. जातपंचायतींनी लोकांची पाणवठ्यापर्यंत कोंडी केली, मयताला खांदा मिळू दिला नाही, असल्या प्रकारांतून तो कायदा आला. आमचं त्यापुढं काहीच नाही. मठातून एकदा निरोप आला, पोरीला घेऊन या. मी गेले नाही. पुन्हा निरोप आला नाही. पंथ सोडायला अर्ज नसतो, दाखला नसतो. सोडलं हे ठरवायचंही तुम्हीच आणि रोज नव्यानं ठरवायचं.

२००९ मध्ये लग्न झालं, पंथाबाहेर. लग्न नोंदणी करून केलं, म्हणजे गणेशपूजनाचा पेच टळला. सासर पुण्यातलं, माणसं मोकळी, सून एम.ए. झालेली म्हणून कौतुक. पहिल्याच महिन्यात सासूबाई हळूच म्हणाल्या, "त्या दिवसांत देवघराकडे तेवढं जाऊ नकोस हं. आणि लोणच्याला हात नको." मी हसले. त्यांना वाटलं मी लाजले. ज्या कडक घरातून मी बाहेर पडले होते तिथं हे कुणी तोंडातून काढलं नसतं. मी नवऱ्याला रात्री म्हाइंभट वाचून दाखवला. त्यानं आईला काय सांगितलं कोण जाणे, पुढच्या महिन्यापासून तो विषय निघाला नाही. पंथ सोडलेल्या बाईनं पंथाच्या आधारावर भांडण जिंकलं, असं म्हणता येईल.

गणपती बसले. आरतीला सगळे उभे, मीही. टाळ हातात दिले तर वाजवले, बरे वाजवले. पण आरती संपताना हात जोडायची वेळ आली आणि हात वर येईनात. मला काही सिद्ध करायचं नव्हतं. समोर माणसं इतक्या प्रेमानं उभी होती, मी सहज जोडले असते. हातच येईनात. डोक्यानं पंथ सोडून तीन वर्षं झाली होती; हातांना कुणी कळवलंच नव्हतं. आजही येत नाहीत. सासूबाई ओळखीच्यांना सांगतात, "ती महानुभाव आहे ना, त्यांच्यात चालत नाही." मी दुरुस्ती करत बसत नाही.

दादा पहिल्यांदा पुण्याला आले ते २०११ मध्ये, मुलगी झाल्यावर. एका पिशवीत नातीसाठी झबलं-टोपडं, दुसरीत तांदूळ, मुगाची डाळ, तेलाची बाटली आणि एक जर्मनचं पातेलं. स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी ते पातेलं माझ्या सिंकमध्ये राखेनं घासलं. राखही पुडीत आणली होती. मी ओट्याला टेकून बघत होते. खिचडी शिजायला ठेवली, झाकण घातलं आणि पिशवी चाचपडायला लागले. मीठ विसरले होते. मी डबा पुढं केला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "फोडेल नसलेली पुडी हाय काय?" नव्हती. मी चार मजले उतरून खाली गेले, नवी पुडी आणली, त्यांच्यासमोर दातानं फोडणार होते, मग थांबले आणि कात्री घेतली. त्यांनी चिमूटभर मीठ घातलं. जेवताना म्हणाले, "पाणी तुह्या नळाचंच हाये." म्हणजे काय ते मला कळलं. त्यांनी तेवढं सोडलं होतं.

विशेष माझ्याकडेच होता. कपाटात, पासबुकाच्या खाली. दर वेळी पासबुक काढताना तो हाताला लागायचा. फेकणं शक्य नव्हतं. मुठेत सोडावा असा विचार आला आणि मुठेचं पाणी आठवून गेला. अखेर २०१४ साली गावी गेले असताना एका आश्रमात गेले, जिथं मला फारसं कुणी ओळखत नव्हतं. एक वृद्ध बाबा ओसरीवर बसले होते. मी सवयीनं दंडवत म्हटलं आणि मग सांगितलं की हा परत द्यायचाय, मी नाम घेत नाही.

"दुसरीकडे उपदेश घेतला?"

"नाही."

"देवताभक्ती?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, बाबा."

ते थोडे हसल्यासारखे झाले. "हे फार अवघड धरलं तुम्ही." त्यांनी विशेष कपाळाला लावला, मग शिवण पाहिली. "टाका कोणाचा?" आईचा, म्हटलं. त्यांनी ब्लेड मागवलं, एकेक टाका उसवला. चष्मा नाकावर घसरत होता, हात कापत होता, पाचेक मिनिटं लागली असतील. दगड त्यांनी ठेवून घेतला. कापड घडी करून मला परत दिलं. "हे तुमच्या आईचं हाये." बस. ना निरूपण, ना भीती घातली. मी तयारी करून गेले होते ती सगळी परत घेऊन आले. बाहेर बस यायला वेळ होता, तर समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि तिथं मला हुंदका आला. टपरीवाल्यानं न विचारता दुसरा चहा दिला.

दादा २०१९ मध्ये गेले. आमच्या घरी दहन नाही, निक्षेप; मातीत ठेवतात. माझ्या नवऱ्याला ते ठाऊक नव्हतं, तो भावाबरोबर लाकडांचं बघायला निघाला होता. पंथातली माणसं जमली, सगळं त्यांनी केलं, आणि चांगलं केलं. नामघोष चालू होता. ओठ माझे हलत होते की नाही, मला सांगता येणार नाही. रात्री आई म्हणाली, "तेरवी नसते आपल्यात. तुले माईत हाये." मला माहीत होतं. मला मामाची पळी आठवत होती. तिलाही तीच आठवत असावी, कारण तिनं उगाचच मनगटावरून पदर फिरवला.

२०२४ मध्ये केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, रिद्धपूरला मराठीचं विद्यापीठ झालं, तेव्हा मला पहिल्यांदा दादांना फोन करावासा वाटला. त्यांना दोन्ही बातम्या धर्माच्या वाटल्या असत्या. मला भाषेच्या वाटल्या. बराच वेळ बोललो असतो.

आई आता वर्षातले तीन-चार महिने माझ्याकडे असते. नेम तिचा चालू आहे, पहाटेचा. गौरी-गणपतीतही ती इथंच असते, आणि तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात दरवर्षी एक अडचण होते. सासूबाईंचं म्हणणं, नैवेद्य दाखवायच्या आधी त्यातलं काही काढलं तर ते उष्टं झालं. आईचं म्हणणं, नैवेद्य दाखवल्यावर ते देवतेचं झालं. दोघी एकमेकींशी अतिशय गोड बोलतात आणि इंचभर हलत नाहीत. पहिल्या वर्षी आई दूध-पोळीवर राहिली.

आता मी सकाळी लवकर उठते. पुरणावरणाचा मोठा घाट सुरू व्हायच्या आधी, मागच्या शेगडीवर, त्याच जर्मनच्या पातेल्यात वाटीभर डाळ लावते. हळद, हिंग; गूळ नाही. शेजारच्या भांड्यात मूठभर भात. झाकून वरच्या फळीवर ठेवते. दुपारी आरतीचा आवाज थांबला, पंगत बसली की आईचं पान आतल्या खोलीत मांडते आणि ते वरण गरम करून वाढते.

ती घास घ्यायच्या आधी दरवर्षी विचारते, "आंधीच काढलं न?"

"वेगळंच लावलं होतं, आई."

मग ती भात कालवते.